तुयेची खो-खो टीम आणि माझी दानत

१२ एप्रिल १९८७, रविवार. सकाळ.

आजपासून आयुष्याला दिशा. (गुढीपाडव्यालाही हेच लिहिलं होतं. पण तेव्हा दिशा कुठली ते ठरलं नव्हतं.)

कारण असं. काल इथं गोव्यात, आमच्या तुये गावात, बेकरीपुढं गावातली पोरं बॉल खेळत होती. कारखान्याच्या चाळीतला एक पोरगा कडेला उभा. बॉल त्याच्या पायाशी आला, त्यानं उचलला, तर देवेशनं तो हिसकावून घेतला. म्हणाला, भायल्यांक ना, म्हणजे बाहेरच्यांना नाही. पोरगा काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही, कारण तोंडात बेकरीतला गरम पाव, उंडा होता. उंडा संपला तरी बोललो नाही. हे रात्रभर टोचलं.

तेव्हा ठरवलं. आपल्या मुलांत दानत नाही. ती आणायची. खेळातून.

संध्याकाळ. फुटबॉल रद्द. तो एकच बॉल काजूच्या कुंपणावर फुटला. खो-खो बरा. सामान लागत नाही. शिवाय विचार केला तर खो-खोसारखा खेळ नाही. पळायची मजा आपल्या हातात असताना ती दुसऱ्याला देऊन आपण गप खाली बसायचं. सुविधाला हे समजावलं. ती म्हणाली, दादा, तू गप खाली बसलेला मी कधी पाहिला नाही. बहिणीला मान द्यायचा नसतो तो याचसाठी.

१५ एप्रिल, बुधवार

टीम झाली. मे महिन्यात पेडण्याला खो-खोची स्पर्धा, तिथं उतरायचं. देवेश कॅप्टन, कारण त्याच्या वडिलांचं मैदान. राखीव म्हणून महादेव. तो पळाला की जमीन हलते, पण मन चांगलं. चाळीतल्या त्या पोरालाही बोलावलं. नाव अजय. बाप दिनकर, चंदगडकडचा, कारखान्यात लोडिंगला. देवेशनं तोंड वाकडं केलं. मी दानतीवर भाषण दिलं. चांगलं झालं असावं, दोघं जण झोपले.

मग अजय पळाला. आणि सगळे जागे झाले.

खुंटावरून वळतो तो असा, की बघणाऱ्याचीच मान दुखावी. हातात गडी येत असला तरी खो द्यायची वेळ आली की देतो. शिकवावं लागलं नाही. मी नोंद केली की माझ्या भाषणाचा परिणाम लगेच दिसला.

गावची पोरं मला गोकूळ म्हणतात, अजय सर म्हणतो. टीममध्ये शिस्त अशी त्या एकट्यातच आहे.

२० एप्रिल, सोमवार

दानतीचा अभ्यासक्रम सुरू. रोज प्रत्येकानं घरची एक वस्तू गरजवंताला द्यायची.

२१ एप्रिल, मंगळवार

अभ्यासक्रम बंद. विठ्ठलनं आईची नारळ खवायची आदोळी भिकाऱ्याला दिली. देवेशनं बापाचा टॉर्च दिला, तोही महादेवला. महादेवनं तो परत देवेशच्या धाकट्या भावाला दिला. त्यामुळं टॉर्च घरी आला, पण आदोळी गेली. विठ्ठलची आई आमच्या दारात येऊन आमच्या आईला विचारून गेली, की तुमचो पोर काम करपाचो केन्ना? आईनं माझ्याकडं बघितलं. ते उत्तरापेक्षा वाईट.

अजयनं काय दिलं विचारलं. त्यानं डब्यातली भाकरी दिली होती. कोणाला? मला. काल मी त्याची अर्धी खाल्ली ती. मला वाटलं होतं तो आग्रह करतोय.

२६ एप्रिल, रविवार

प्रॅक्टिसला गेलो नाही. हुराकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा सीझन, डोंगरावर काजूची भट्टी लागलेली, भट्टीवाल्या गंगारामनं हाक मारली. नुसती चव घ्यायला गेलो. तिथं वादच सुरू होता, गोव्याची भाषा कोणती म्हणून. सगळे मराठीच्या बाजूचे आणि सगळे कोकणीत भांडत होते. मीही भांडलो. कोणाशी ते आठवत नाही, विरोधी कोणी नव्हतंच.

उतरताना लांबून मैदान दिसलं. पोरं माझ्याशिवाय खेळत होती. अजय सगळ्यांना खुंटावरचं वळण शिकवत होता. देवेश त्याच्या मागं मागं.

हातभर सावलीत बसून बघितलं आणि मागच्या वाटेनं घरी आलो. वाईट वाटलं. उद्यापासून हुराक बंद.

२७ एप्रिल, सोमवार

हुराक सीझन संपेपर्यंत पूर्ण बंद करणं प्रकृतीला बरं नाही, असं वाचल्याचं आठवतं.

९ मे, शनिवार

मोठी बातमी. गोवा घटकराज्य होणार, तारीख ३० मे. पेडण्याच्या मंडळानं फायनल त्याच दिवशी ठेवली आणि स्पर्धेचं नाव बदललं: घटकराज्य चषक.

दुसरी बातमी त्याहून मोठी. म्हापशाच्या एका शाळेचे पीटी मास्तर फायनल बघायला येणार. एक मुलगा निवडणार. हॉस्टेल, जेवण, मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण, सगळं शाळेचं.

अजयचा बाप संध्याकाळी मैदानावर आला. टोपी हातात धरून उभा. म्हणाला, पोरगं आठवी पास झालंय, आता जूनपासनं माझ्यासंगं पोती उचलाय घालणार हुतो, पन त्ये मास्तर येनार म्हंत्यात, तर सर, आमच्या पोराचं तेवडं बगा. मी म्हटलं, दिनकरभाऊ, तुम्ही निश्चिंत राहा, अजय माझी जबाबदारी. माणूस रडायच्या बेतात आला. मीही आलो. कोणाची तरी जबाबदारी पहिल्यांदाच घेतली. उंची वाढल्यासारखं वाटतं.

१४ मे, गुरुवार

हळर्णला हरवलं. सगळे गडी अजयनं मारले किंवा अजयच्या खोवर दुसऱ्यानं मारले. मी कडेनं ओरडत होतो. घसा बसला. लोकांनी अजयला खांद्यावर घेतलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही, की हा पोर घडवला कोणी?

सुविधानं विचारलं, तू आज काय केलंस? मी सांगितलं, पाठीशी उभा होतो. ती म्हणाली, पाठीशी न्हय, सोड्याच्या गाड्याशी.

१७ मे, रविवार

आज मैदानावर कोणी नसताना एकटा पळून बघितलं. अजून जमतं. खुंटापर्यंत छान. खुंटावर जरा कुल्ला धरला.

माझं वय तसं फार नाही. स्पर्धेला वयाची अट नाही. सहज लिहून ठेवतो.

२१ मे, गुरुवार

सेमी-फायनल जिंकली. फायनल नार्वेशी.

आता गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडं कुठलंही मोठं काम देवीपुढं नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून सुरू करतात. सगुणकाका गाऱ्हाणं सांगतात, मागं उभे असलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. आणि एकदा व्हय म्हाराजा म्हटलं की माघार नाही. आमच्या गावात लोक कोर्टात खोटं बोलतील, गाऱ्हाण्यात नाही.

मला कल्पना सुचली. दानतीचा धडा गाऱ्हाण्यातच घालायचा! म्हणजे पोरांना विसरता येणार नाही. सगुणकाकांना सांगितलं, की असं म्हणा: फायनलच्या दिवशी आमच्यातला एक गडी आपली जागा दुसऱ्याला देईल. डोळ्यापुढं महादेव होता. बिचारा सगळी स्पर्धा पाणी वाटत बसला. त्याला एक मॅच मिळावी. उदात्त कल्पना, माझी.

सगुणकाकांनी विचारलं, कोण दितलो? मी म्हटलं, ते मुलांनी मनानं ठरवू दे. (देवेश देईल. तो सगळ्यांत हळू.) काका म्हणाले, सारकें विचार कर रे गोकळा, देवीक सांगल्यार मागीर म्हाका सांगपाक येवचें न्हय. म्हणजे नंतर त्यांच्याकडं रडत जायचं नाही.

२२ मे, शुक्रवार

गाऱ्हाणं झालं. सगुणकाकांचा आवाज असा, की देवळातली कबुतरं गप बसली. जागेचं वाक्य आलं तसे पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मग सगळे एका सुरात, व्हय म्हाराजा. अजयचा आवाज सगळ्यांत मोठा. त्याची देवी नाही, त्याचा गाव नाही, तरी.

मीही म्हटलं. ओळीत होतो.

२८ मे, गुरुवार

महादेव सकाळी घरी आला. परवा हळर्णला मामाचं लग्न, जाऊ का, म्हणून विचारत होता. चेहरा असा, की मी नको म्हणावं म्हणून आला असावा. मी म्हटलं, अवश्य जा, मामाचं लग्न परत होत नाही.

तो गेल्यावर लक्षात आलं की आता जागा घ्यायला कोणी उरलं नाही.

म्हणजे लक्षात तो असतानाच आलं होतं. पण तोवर तो चप्पल घालत होता.

२९ मे, शुक्रवार. संध्याकाळ.

टीमची बैठक. मी विषय मांडला. गाऱ्हाण्यात सांगितलंय, एक जागा द्यायचीय. महादेव तर नाही. तर गावचा कोणी, खेळाचा जाणकार, जो उद्या उपलब्ध असेल, असा...

विठ्ठल म्हणाला, म्हणजे तूं?

मी म्हटलं, मी नाव घेतलं नाही.

मग मी देवेशकडं बघत राहिलो. तो मातीत काडीनं रेघा ओढत राहिला. सगळे खाली बघायला लागले. उद्या पीटी मास्तर बघणार, प्रत्येकाच्या पोटात तेच. मी म्हटलं, देवीपुढं शब्द दिलाय, बघा बुवा.

अजय उठला. म्हणाला, सर, मी बसतो की भाईर. शब्द दिलाय न्हवं.

मी मनात म्हटलं, नाही म्हण, गोकूळ. अगदी स्पष्ट म्हटलं. पण मग विचार आला, की मुलानं आयुष्यातलं पहिलं मोठं दान दिलं, ते नाकारणं म्हणजे त्याचा अपमान. जे शिकवलं तेच मोडायचं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, शाब्बास.

देवेश उठून घरी गेला. बैठक संपायच्या आधी. शिस्त.

उद्या मास्तरांना मी स्वतः अजयबद्दल सांगेन. शिफारस करीन. खेळण्यापेक्षा शिफारशीचं वजन जास्त. दिनकरभाऊंना आज भेटायचं होतं, पण चाळीकडची वाट दगडांची, उद्या पायांना काम आहे.

३० मे, शनिवार. घटकराज्य दिन.

हरलो. पाय दुखतोय. मैदान खराब. पंच नार्वेच्या बाजूचा.

३१ मे, रविवार

काल नीट लिहिलं नाही. लिहितो.

सकाळी पेडण्याला मांडव, पताका, स्पीकर. भाषणं लांबली. पीटी मास्तर पुढच्या खुर्चीवर, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. शिफारस करायला जाणार होतो, पण ते कोणाशी तरी बोलत होते.

पहिला पाठलाग आमचा. सुरुवात मी केली. नार्वेचा गडी माझ्यापुढं हातभर. मला वाटलं, मीच मारणार. विठ्ठल ओरडला, खो दी! मी थांबलो नाही. हातभर अंतर होतं. मग दोन हात झालं. पाटीवर बसलेले आठही जण ओरडायला लागले, खो दी रे गोकळा, खो दी! मांडवातून लोक ओरडायला लागले. स्पीकरवाला ओरडायला लागला. मी धावतच होतो. प्रत्येक पावलाला वाटत होतं, पुढच्या पावलाला हातात येईल. शेवटी खुंट चुकला आणि पताकांच्या दोरीत गेलो. एक पताका तोंडात.

मग आमची पळती. मला पहिल्याच हाताला मारलं. मारणारा पोरगा मला सॉरी म्हणाला, अंकल म्हणाला.

मध्यंतर. पोटरीत गोळा आला. अजय धावत आला, ओला टॉवेल गुंडाळला, पाय चोळला. मास्तर समोरच, आमच्याकडंच बघत होते. दिनकरभाऊ दोरीपलीकडं उभे होते; कारखान्यातून सुट्टी घेऊन आले होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते मुलाला शोधत होते, कुठल्या पाटीवर बसलाय ते. मग तो माझे पाय चोळताना दिसला.

तेव्हा म्हणता आलं असतं, अजय, तू जा. पायाचं कारणही होतं. चांगलं कारण. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या असत्या.

मी म्हटलं, जरा वर चोळ.

मास्तरांनी देवेशला निवडलं, खुंटावरचं वळण आवडलं म्हणे. स्पीकरवरून नाव सांगितलं. मी शिफारस करायला गेलो तेव्हा ते जीपमध्ये बसले होते. काच खाली केली. विचारलं, तुम्ही कोणाचे पालक? जीप गेली.

दिनकरभाऊ माझ्याकडं आले. वाटलं, आता दोन शब्द ऐकवणार. म्हणाले, लई लागलं का हो सर पायाला?

१ जून, सोमवार

निश्चय. आज म्हापशाला जाऊन मास्तरांना सगळं सांगायचं. माझी चूक आहे, अजयला पळताना एकदा बघा. हात जोडायचे.

संध्याकाळ. बस पेडण्याला थांबली. घटकराज्याचे लाडू वाटत होते. उतरलो. मग मिरवणूक निघाली. मग एका गाडीत जागा मिळाली, ती हरमलला निघाली होती. समुद्र बघितला की मन स्वच्छ होतं म्हणतात. बघितला. तसंच आहे.

उद्या नक्की.

२ जून, मंगळवार

पाय.

४ जून, गुरुवार

आज पहिली बस पकडायला निघालो, खरंच निघालो. आंघोळ करून. सुविधा खिडकीतून म्हणाली, खंय चललो? सांगितलं. ती म्हणाली, थांब, खाली बस.

जे सांगितलं ते असं. फायनलनंतर पोरं सगुणकाकांकडं गेली. देवेशनं विचारलं, गाऱ्हाण्यातला शब्द पुरा झाला का? काकांनी विचारलं, कोणें जागा दिली, कोणें घेतली? पोरांनी सांगितलं. काका बराच वेळ पान जुळवत बसले. म्हणाले, ताणें दिली तें देवीन पळयलें. पूण तो तर पावणो, ताका गाऱ्हाण्यांत तुमी उबो केलो. उतर गांवाचें. गांवच्या गड्यान दिवंक जाय. तें अजून बाकी आसा. म्हणजे पाहुण्यानं दिलेलं चालत नाही; शब्द गावाचा, तो गावच्या गड्यानंच पाळायचा.

तर देवेशनं दिलं. निवड झालेली त्याची जागा. सोमवारी, मी लाडू खात होतो तेव्हा, सगळी टीम अजयला घेऊन म्हापशाला गेली. महादेवसुद्धा. मास्तर ऐकेनात. पोरं हलेनात. शाळेच्या अंगणात दोन खुंट नव्हते म्हणून एका टोकाला महादेव उभा राहिला, दुसऱ्या टोकाला विठ्ठल. अजय पळाला. मास्तर एकदा बघून म्हणाले, परत. मग परत. मग म्हणाले, सोमवारी ट्रंक घेऊन ये.

देवेशचे वडील चार दिवस त्याच्याशी बोलत नाहीत. मैदानाला कुलूप घालतो म्हणतात.

मी सुविधाला विचारलं, मला कोणी का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुझे पाय दुखत होते ना.

संध्याकाळ. दिवसभर ठरवायचा प्रयत्न केला, की हे माझ्या शिकवणीचं फळ आहे. वाक्यही तयार केलं. देवेशला रस्त्यात भेटून पाठ थोपटायला गेलो. तो बाजूला झाला. म्हणाला, गोकूळ, आमी आतां आमचे आमीच खेळतात हां. रागानं नाही. समजावल्यासारखं. वाक्य तसंच पोटात राहिलं.

७ जून, रविवार

उद्या अजय जाणार. सकाळच्या बसनं. बापाला कारखान्यात पाळी, तो येऊ शकत नाही. मी जाणार सोबत, म्हापशापर्यंत. आणि वाटेत त्याला सगळं सांगणार. महादेवला मीच लग्नाला पाठवला. तू जागा देशील अशी माझी अपेक्षा नव्हती, पण कोणीतरी द्यावी आणि ती मला मिळावी, हे मीच मांडलं. मध्यंतरात मला सगळं कळत होतं. माफ कर.

वाक्यं पाठ केली. आरशापुढं म्हणून बघितली. तिसऱ्या वेळी आवाज फुटला. म्हणजे खरी आहेत.

८ जून, सोमवार

बस तुडुंब. शाळा उघडण्याचे दिवस, ट्रंका, छत्र्या, कोंबड्या. अजय आधी चढला होता, त्याला खिडकीपाशी जागा मिळालेली. मी लटकत आत शिरलो. त्याला बघून बरं वाटलं, तोही हसला. नवा शर्ट, इस्त्रीचा. दिनकरभाऊंनी घेतला असणार.

मी सुरुवात केली. म्हटलं, अजय, एक सांगायचंय.

तो उठला. म्हणाला, सर, बसा की, तुमचा पाय.

मी बसलो.

बसल्यावर लक्षात आलं. पण मागं लगेच एक बाई टोपली घेऊन उभी राहिली, उठायला वाव नव्हता. म्हणजे थोडा होता. अजय दांडीला धरून, पायांत ट्रंक घेऊन उभा. ठरवलं, धारगळला सांगू. धारगळला गर्दी वाढली. ठरवलं, कोलवाळच्या पुलावर सांगू, पुलावर बस हळू जाते. खिडकीतून गार वारा यायला लागला.

नंतरचं आठवत नाही. खांद्याला हात लागला. अजय वाकून सांगत होता, सर, उठा, म्हापसा आलं.